दवाखान्याच्या समितीतली रिकामी खुर्ची

आपल्या समाजात आजारी माणसासाठी पैसा द्यायला कुणी मागे राहत नाही. रमजानमध्ये जकातीचा हिशेब निघाला की त्यातला एक वाटा कुणाच्या डायलिसिसला, कुणाच्या बायपासला, कुणाच्या बाळंतपणाला जातो. जुम्याच्या नमाजनंतर इमामसाहेब एका नावाचं ऐलान करतात आणि मस्जिदीच्या दारात पसरलेल्या रुमालात पाहता पाहता ऑपरेशनचा खर्च जमा होतो. रात्री दोन वाजता रक्त लागलं तर मोहल्ल्यातली पोरं मोटरसायकली काढून धावतात. जमातीची अॅम्ब्युलन्स असते, ट्रस्टचा दहा-वीस रुपयांतला दवाखाना असतो. कोविडच्या काळात ऑक्सिजनची सिलिंडरं डोक्यावर घेऊन जिने चढणारी आणि परक्यांच्या मयतीला खांदा देणारी तरुण मुलं साऱ्या महाराष्ट्राने पाहिली आहेत. या खिदमतीबद्दल मला मनापासून आदर आहे.

पण याच खिदमतगारांना एक साधा प्रश्न विचारून पाहा. आपल्या मोहल्ल्याच्या सरकारी आरोग्य केंद्रावर एक समिती असते, तिच्यात आपल्यापैकी कोण आहे? तिची शेवटची बैठक कधी झाली? तिच्या खात्यावर किती पैसे आले आणि ते कशावर खर्च झाले? बहुतेक ठिकाणी उत्तर मिळत नाही. अशी काही समिती असते, हेच अनेकांना ठाऊक नसतं. ज्या समाजाकडे दवाखान्यासाठी इतका पैसा, इतका वेळ आणि इतकी माणसं आहेत, त्या समाजाची दवाखान्याच्या कारभारातली खुर्ची रिकामी आहे. या रिकाम्या खुर्चीची किंमत आपण रोज मोजतो आणि तिला नशीब म्हणतो. म्हणून हा लेख.

आधी या खुर्च्या आहेत तरी कुठे, ते पाहू.

१२ एप्रिल २००५ रोजी राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालं. आशाताई आपल्याला त्यातून मिळाल्या. त्याच अभियानाने गावोगावी ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती आणली. पंचायतीचे सदस्य, आशा, अंगणवाडीताई आणि गावातली माणसं, त्यातही बायका, अशी तिची रचना. तिला सुरुवातीला वर्षाला १०,००० रुपयांचा अबंधित निधी मिळायचा. अबंधित म्हणजे कशावर खर्च करायचा ते वरून ठरवून न आलेला. गावाने बसून ठरवायचं. प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत रुग्ण कल्याण समित्या आल्या. या समित्यांची कल्पना मूळची इंदूरची. १९९०च्या दशकाच्या मध्यात तिथल्या महाराजा यशवंतराव रुग्णालयाची अवस्था सुधारण्यासाठी शहरातल्या लोकांना कारभारात घेतलं गेलं, आणि तो नमुना पुढे देशभर पोहोचला. अलीकडे उपकेंद्रांची आरोग्यवर्धिनी केंद्रं झाली, तिथेही जन आरोग्य समिती असावी असं ठरलं. या केंद्रांवर आता आयुष्मान आरोग्य मंदिर अशी पाटी लागली आहे. आपल्यातले काही जण त्या पाटीवरच अडून बसतात. त्यांना माझं सांगणं एवढंच की पाटीवर काय लिहिलंय याची चर्चा चहाच्या टपरीवर करा, पण आत जाऊन बीपीची गोळी आहे का, ते आधी विचारा.

हे झालं गावांचं. महाराष्ट्रातले मुसलमान मात्र मोठ्या संख्येने शहरांत आणि तालुक्याच्या गावांत राहतात. आपल्यासाठी महत्त्वाचं अभियान २०१३ चं, राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियान. साधारण ५०,००० लोकसंख्येमागे एक नागरी प्राथमिक आरोग्य केंद्र, झोपडपट्ट्यांमध्ये आशा, आणि दर ५० ते १०० घरांमागे एक महिला आरोग्य समिती, असा त्याचा आराखडा. या समितीत गल्लीतल्याच आठ ते बारा बायका. वर्षाला ५,००० रुपये अबंधित निधी. रक्कम लहान आहे, पण ज्या बाईने आजवर केसपेपर काढण्यापलीकडे दवाखान्यात काही केलेलं नाही, तिला बँकेच्या खात्यावर सही करायचा आणि डॉक्टरांना प्रश्न विचारायचा हक्क त्यातून मिळतो.

प्रत्यक्षात काय होतं? आमच्या भागात मी चार-पाच गल्ल्यांत फिरून विचारलं. एका खालांचं नाव समितीच्या यादीत होतं. मी त्यांना म्हटलं, खालाजान, आप तो कमिटी की मेंबर हैं. त्या हसायला लागल्या. ‘‘मेरेकू क्या मालूम बाजी? आधार कार्ड मांगे थे, मैं दे दी.’’ बैठक कधी झाली, ठराव काय झाला, पैसे कशावर गेले, त्यांना काहीच माहीत नव्हतं. दोष आशाताईला देऊन मोकळं होऊ नका. तिच्या डोक्यावर सर्वेक्षणं, लसीकरण, गरोदर बायकांच्या नोंदी, मोबाईलवरची माहिती, असं शंभर कामांचं ओझं आहे आणि मानधनासाठी तिला आझाद मैदानात बसावं लागतं. समिती कागदावर राहते, कारण ती जिवंत असावी असा आग्रह वरूनही होत नाही आणि खालूनही होत नाही. खालून म्हणजे आपल्याकडून.

याचा परिणाम रोजच्या जगण्यावर होतो. ज्या वस्तीत पुरुष यंत्रमागावर पाळीने जातात आणि बायका घरी बसून शिवणकाम, पापड, मणी ओवणं अशी कामं करतात, तिथे ओपीडीची वेळ सकाळी असून काय उपयोग? सकाळी पाणी येतं, मुलं शाळेत जातात, मालाचा माणूस येतो. दुपारी बाई मोकळी होते तेव्हा केंद्राला कुलूप. मग ती कोपऱ्यावरच्या खासगी डॉक्टरकडे जाते, सलाईन लावून घेते आणि आठवड्याची कमाई तिथे ठेवून येते. आपण म्हणतो, आपल्या बायका सरकारी दवाखान्यात जात नाहीत, त्यांना कळत नाही. वेळ बदलता येते, हे मुंबईने दाखवलं. २०२२ मध्ये तिथे सुरू झालेले आपला दवाखाना रात्री १० वाजेपर्यंत उघडे असतात. जे मुंबईत जमतं ते इतर शहरांत का जमत नाही, हा प्रश्न समितीच्या बैठकीत विचारायचा असतो. तिथे तो विचारणारं कुणी नाही.

आता कुणी म्हणेल, सरकार आपल्याला बोलावतं की. खरं आहे, बोलावतं. पोलिओच्या वेळी बोलावलं. उत्तर प्रदेश आणि बिहारमध्ये इमाम, मदरशांचे उस्ताद, मुस्लिम विद्यापीठं, सगळे घरोघरच्या समजुतीच्या कामात उतरले. १३ जानेवारी २०११ ला हावड्यात देशातला शेवटचा रुग्ण सापडला आणि मार्च २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. त्या यशात आपल्या उलेमांचा मोठा हात आहे आणि त्याचा मला अभिमान वाटतो. २०२२ च्या शेवटी गोवंडी, भिवंडी आणि मालेगावात गोवरची साथ आली, बालकं दगावली, तेव्हाही मस्जिदीच्या माईकवरून लसीकरणाचं आवाहन झालं.

पण या बोलावण्याचं स्वरूप पाहा. निर्णय आधी झालेला असतो. लस ठरलेली, दिवस ठरलेला, पथक ठरलेलं. लोक दार उघडत नाहीत म्हणून मौलानांना आठवलं जातं. साथ ओसरली की मौलाना मस्जिदीत आणि अधिकारी कार्यालयात. गोवराचा पहिला डोस नवव्या महिन्यानंतर आणि दुसरा सोळाव्या महिन्यानंतर द्यायचा असतो. ही वर्षभर चालणारी गोष्ट आहे. वर्षभर आशाची जागा रिकामी असते, लसीकरणाचं सत्र वस्तीपासून लांब भरतं, ताप आला तर कुणाला विचारायचं ते आईला कुणी सांगितलेलं नसतं. या बाबतीत वस्तीचं म्हणणं कुणी ऐकलेलं नसतं आणि साथ आली की त्याच वस्तीवर ‘लसीला विरोध करणारे’ असा शिक्का बसतो. भाड्याने आणलेल्या लाऊडस्पीकरसारखा समाज वापरणं, याला सहभाग म्हणता येणार नाही.

लोकांना बाजूला ठेवून आरोग्याचा कारभार चालवला की काय होतं, हे महाराष्ट्राइतकं कुणी भोगलेलं नसेल. १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात प्लेग आला. १८९७ मध्ये इंग्रज सरकारने साथरोग कायदा केला. तोच कायदा २०२० मध्ये कोविडच्या वेळी आपल्यावर लागू होता. त्या कायद्याच्या जोरावर घरांत शिरून झडत्या सुरू झाल्या. रोग्याला उचलून छावणीत नेलं जाई. बायकांची तपासणी परके पुरुष करत. पुण्यात या जुलमाचा शेवट २२ जून १८९७ च्या रात्री रँडवर झाडलेल्या गोळीने झाला, हे शाळेत सगळे शिकतात. मदनपुऱ्याचं मात्र कुणी शिकवत नाही. ९ मार्च १८९८ ला मुंबईच्या मदनपुऱ्यात प्लेगचं पथक एका जुलाहा कुटुंबातल्या आजारी मुलीला तपासायला आलं. घरच्यांनी विरोध केला, मोहल्ला जमला, दगडफेक झाली, गोळीबार झाला आणि दंगल शहरभर पसरली. ते मोमिन विणकर औषधाचे वैरी नव्हते. आपल्या घरात काय होणार हे आपल्याला विचारून व्हावं, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. पुढे सरकारला सक्ती सैल करावी लागली आणि वेगवेगळ्या जमातींना आपापली प्लेग रुग्णालयं चालवायला मोकळीक द्यावी लागली.

त्याच शहरात, त्याच काळात, दुसरी गोष्टही घडत होती. हाफकिन यांनी १८९७ मध्ये प्लेगची लस तयार केली. लोक तिला घाबरत होते. तिसरे आगाखान तेव्हा अवघ्या विशीचे होते. त्यांनी स्वतः लोकांसमोर लस टोचून घेतली, खोजा जमातीला राजी केलं आणि हाफकिन यांच्या प्रयोगशाळेला आपली खुशरू लॉज ही वास्तू दिली. जमातीतले हजारो लोक टोचून घ्यायला पुढे आले. विणकर आणि खोजा, दोघेही मुसलमान, दोघेही मुंबईकर, साथ एकच. एकीकडे लोकांवर कारभार लादला गेला, दुसरीकडे लोक कारभारात शिरले. फरक तिथे पडला. मुसलमान आधुनिक औषधाला विरोध करतो असं जे कुणी सैलपणे बोलतात, त्यांच्यासाठी या दोन्ही गोष्टी पुरेशा आहेत.

आपल्या दीनमध्येही याचा आधार शोधायला लांब जावं लागत नाही. कुरआनात एका सूरेचं नावच अश्शूरा आहे, म्हणजे सल्लामसलत. आणि शूरा म्हटलं की आपल्याला खिलाफत आणि राज्यकारभार आठवतो. पण शूराचा इतिहासातला एक ठसठशीत प्रसंग आरोग्याचाच आहे. हजरत उमर (रजि.) लवाजम्यासह शामकडे निघाले होते. सर्ग या ठिकाणी खबर आली की पुढे ताऊन, म्हणजे प्लेग, पसरला आहे. ते खलिफा होते, हुकूम देऊ शकत होते. त्यांनी आधी मुहाजिरांना बोलावलं, त्यांच्यात दोन मतं पडली. मग अन्सारांना बोलावलं, त्यांच्यातही दोन मतं पडली. मग कुरैशमधल्या बुजुर्गांना बोलावलं. सगळं ऐकून परत फिरायचा निर्णय झाला, आणि तेव्हाही हजरत अबू उबैदा (रजि.) यांनी तोंडावर आक्षेप घेतला व तो ऐकून घेतला गेला. साथीच्या भागात जाऊ नये आणि तिथून बाहेर पडू नये, ही पैगंबरांची (स.) शिकवण हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांनी नंतर येऊन सांगितली. जुम्याच्या बयानात हा किस्सा आपण पुष्कळदा ऐकतो, तकदीर समजावण्यासाठी. तो किस्सा बैठक कशी घ्यावी हेही शिकवतो, तिकडे आपलं लक्ष जात नाही.

लोक कारभारात उतरले की काय बदलतं, याचे दाखले आपल्याच राज्यात आहेत. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे जामखेडला आले. दुष्काळी भाग, गरिबी, जातीची उतरंड. त्यांनी गावातल्याच बायकांना, ज्यांतल्या अनेकींना लिहिता-वाचता येत नव्हतं आणि अनेकजणी दलित होत्या, आरोग्याचं काम शिकवलं. गावाने बसून आपल्या अडचणी ठरवायच्या, मग त्यावर काम, अशी रीत. १९७८ मध्ये अल्माआटाच्या परिषदेत आरोग्याच्या नियोजनात भाग घेणं हा लोकांचा हक्क आणि कर्तव्य आहे असं जगाने मान्य केलं, तेव्हा जामखेडच्या बायका ते करून बसल्या होत्या. दुसरा दाखला सरकारी योजनेतला. २००७ मध्ये महाराष्ट्रात अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे आणि ठाणे या पाच जिल्ह्यांत आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली. पुण्याच्या साथी संस्थेने तिचं संयोजन केलं. गावकरी आपल्या केंद्राचं प्रगतिपुस्तक भरत. चांगल्याला हिरवा, बऱ्याला पिवळा, वाईटाला लाल रंग. मग जनसुनवाई. मांडवात एका बाजूला अधिकारी, समोर लोक. डॉक्टर मुक्कामी राहत नाहीत, औषध बाहेरून आणायला सांगतात, बाळंतपणाला पैसे मागितले, हे बायका माईकवर बोलत आणि अधिकाऱ्यांना तिथेच उत्तर द्यावं लागे. हे करणाऱ्यांत आदिवासी होते, भूमिहीन होते. आपल्यापेक्षा त्यांच्याकडे कमी पैसा होता, कमी माणसं होती. त्यांच्याकडे एक गोष्ट होती, दवाखाना आपला आहे ही समज.

आता आपल्यातले नेहमीचे आक्षेप. मी ते शाळेच्या स्टाफरूममध्ये ऐकते, लग्नाच्या मांडवात ऐकते.

पहिला आक्षेप, ‘‘आपलं कोण ऐकतंय?’’ भेदभाव होतो, हे मी नाकारत नाही. बुरखा पाहून आवाज चढवणारी माणसं दवाखान्यात भेटतात. पण एकट्या बाईवर चढणारा आवाज समितीच्या सदस्यावर चढत नाही. तक्रार वहीत लिहिली, बैठकीच्या इतिवृत्तात आली, तारीख पडली, की ती हवेत विरत नाही. आणि आणखी एक गोष्ट. नोव्हेंबर २००६ च्या सच्चर अहवालाने आपल्या वस्त्यांमध्ये सोयी कमी आहेत असं सांगितलं, ते आपण वीस वर्षं भाषणात वापरतोय. त्याच अहवालात असंही आहे की बालमृत्यूच्या बाबतीत मुसलमानांची स्थिती देशाच्या सरासरीपेक्षा बरी आहे. म्हणजे आपल्या आया काही अडाणी नाहीत. अहवाल दाखवून रडणं पुष्कळ झालं. आपल्या वॉर्डाचा आकडा कुणी मागवला का?

दुसरा आक्षेप, ‘‘आपला ट्रस्ट आहे ना, आपण आपलं बघू.’’ या आक्षेपाने आपलं सर्वात जास्त नुकसान केलंय. ट्रस्टचा दवाखाना सर्दी-तापाला ठीक. टीबी, साथ, सांडपाणी, बाळंतपणातली गुंतागुंत, नवजात बाळाचा अतिदक्षता विभाग, हे कुठल्या जमातीच्या खिशाला झेपणार आहे? साधं उदाहरण घ्या. महाराष्ट्रात धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने २००६ पासून ही योजना लागू आहे. त्याच रुग्णालयांत आपण जकातीचे पैसे डिपॉझिट म्हणून भरून येतो. काउंटरवर मागितले, भरले, दुआ घेतली. ज्या गरिबाची खाट कायद्याने मोफत असायला हवी होती, तिच्यासाठी आपण एका दुसऱ्या गरिबाचा हक्क असलेली जकात खर्च करतो. जकात ही अमानत आहे. ती खर्च करण्याआधी रुग्णालयातल्या वैद्यकीय समाजसेवकाकडे जाऊन निर्धन खाटेचा अर्ज भरणं, हाही त्या अमानतीचाच भाग आहे. २०२१ पासून खासगी रुग्णालयांनाही रुग्ण हक्कांची सनद आणि दर दर्शनी भागात लावावे लागतात. किती ट्रस्टींनी ती सनद पाहिली आहे?

तिसरा आक्षेप, ‘‘समितीत नगरसेवकाचीच माणसं असतात.’’ असतात, कारण दुसरं कुणी जात नाही. ७४ व्या घटनादुरुस्तीने सार्वजनिक आरोग्य हा विषय नगरपालिकांच्या यादीत घातला. तीन लाखांहून मोठ्या शहरांत प्रभाग समित्या बंधनकारक केल्या. आपल्या राज्याच्या कायद्यात या समित्यांवर स्थानिक संस्थांचे प्रतिनिधी घेण्याचीही सोय आहे. आपल्याकडे संस्थांची कमी आहे का? एका मोहल्ल्यात तीन वेल्फेअर सोसायट्या आणि चार फाउंडेशन. निवडणुकीच्या आधी त्यांचे बॅनर लागतात. प्रभाग समितीत यायचंय असं पत्र त्यातल्या एकाने तरी दिलंय का?

चौथा आक्षेप बोलून दाखवला जात नाही, पण असतो. ‘‘बायका बैठकीला जाणार?’’ महिला आरोग्य समिती ही बायकांचीच असते, गल्लीत कुणाच्या तरी ओसरीवर भरते. तिथेही न पाठवण्याला कुठला उजर आहे? बाळंतपण बायकांचं, मुलाचा ताप बायकांच्या कडेवर, पाण्याच्या रांगेत बायका. मग त्यावर बोलायचा अधिकार हाजीसाहेबांना आणि अध्यक्षसाहेबांना कसा? मोहल्ल्याचं दुखणं खालाजानला जितकं माहीत आहे तितकं कुठल्याही ट्रस्टीला नाही. तिची सही नुसती आधार कार्डासोबत घेऊ नका, तिला बोलू द्या.

एक खबरदारी मात्र घ्यायला हवी. मी मुसलमानांच्या वेगळ्या आरोग्य समितीची मागणी करत नाही. ज्या केंद्रावर आपण जातो त्याच केंद्रावर शेजारच्या भीमनगरमधली ताई जाते, बिहारहून आलेला कामगार जातो. गटार सगळ्यांच्या दारातून वाहतं आणि डास आधार कार्ड बघत नाहीत. ओपीडीची वेळ बदलली तर सगळ्यांसाठी बदलेल. आपण आपल्या मोहल्ल्यापुरतं मागायला गेलो तर राजकारणी आपल्याला एक पाटी लावून देतील आणि दवाखाना आहे तिथेच राहील. भीमनगरच्या बायकांबरोबर बसलो तर ऐकावंच लागेल.

मग करायचं काय? मी भाषेची शिक्षिका आहे, म्हणून भाषेपासून सुरू करते. दवाखान्याचा कारभार मराठीत चालतो. शासन निर्णय मराठीत, इतिवृत्त मराठीत, तक्रारवही मराठीत. माहिती अधिकाराचा अर्ज मराठीत करता येतो, फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. उर्दू माझ्या काळजाची भाषा आहे, पण मराठीत चार ओळींचा नीट अर्ज लिहिता न येणं आपल्याला फार महाग पडतं. उर्दू माध्यमाच्या मुलांना दहावीपर्यंत मराठी असतेच. पत्रलेखनाच्या तासाला सहलीची परवानगी मागणारं पत्र मी आता कमी शिकवते. मुलांना सांगते, आपल्या वॉर्डातल्या आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना पत्र लिहा, लसीकरणाचा वार आणि जागा विचारा. एका मुलीने तिच्या अम्मीसाठी विचारलं, दुपारी डॉक्टर का नसतात? व्याकरणाच्या दोन चुका होत्या, मुद्दा एकदम बरोबर होता. याच्या उलट बाजूने, आपल्या वस्तीतल्या केंद्रावर वेळापत्रक आणि औषधांची माहिती मराठीबरोबर उर्दूतही लावा, अशी मागणी करायला काय हरकत आहे? फलक रंगवायचा खर्च अबंधित निधीतून सहज निघेल.

त्यानंतरची कामं साधी आहेत. आपल्या गल्लीची महिला आरोग्य समिती कोणती, सदस्य कोण, हे आशाताईला विचारा. केंद्रावर जाऊन समितीची यादी आणि मागच्या वर्षाचा खर्च मागा. नाही दिला तर १० रुपयांचा अर्ज करा. महिन्यातून एकदा बैठक व्हावी आणि तिचं इतिवृत्त वहीत लिहिलं जावं, एवढा आग्रह धरा. प्रत्येक मस्जिदीच्या कमिटीने आरोग्यासाठी एक बाई आणि एक पुरुष नेमावा, ज्यांचं काम चंदा गोळा करणं नसेल तर केंद्रावर लक्ष ठेवणं असेल. वर्षातून एकदा, शाळेच्या मैदानावर, वस्तीतल्या सगळ्या समाजांना घेऊन जनसुनवाई भरवा. आरोग्य अधिकाऱ्यांना सन्मानाने बोलवा, शाल द्या, चहा द्या आणि मग प्रश्न विचारा. डॉक्टर-नर्सला शत्रू समजू नका. केंद्रात नर्सची जागा रिकामी असेल तर तिच्यासाठी महापालिकेत भांडणारी माणसं आपणच असायला हवीत. मग तीच नर्स आपल्या बाईशी नीट बोलेल.

येत्या रमजानमध्ये जकातीचा हिशेब करताना वहीत आणखी एक रकाना आखा. यंदा आजारी माणसांवर किती खर्च केला, हे एका बाजूला. त्यातला किती खर्च सरकारी किंवा धर्मादाय दवाखान्याने कायद्याने करायला हवा होता, हे दुसऱ्या बाजूला. दुसऱ्या रकान्यातला आकडा पाहिला की रिकाम्या खुर्चीवर कुणाला बसवायचं, याची चर्चा त्याच संध्याकाळी सुरू होईल.